खरी नक्कल

मागडेबुर्ग, ब्याण्णवचा मार्च.
टेबलापलीकडच्या बाई म्हणाल्या, सावकाश वाचा,
पाणी कोपऱ्यात आहे.
फाईल चारशे बारा पानांची.
तेव्हा माझं वजन बेचाळीस किलो होतं, हेही तीत आहे.

पान नऊ: सदर मुलगी साखरेच्या पाण्याने केस ताठ उभे करते.
खरं आहे.
उन्हाळ्यात माश्या बसायच्या.

ते संगीत म्हणे न्यूयॉर्कच्या कुठल्या बकाल बारमध्ये उगवलं,
लंडनला जाऊन पिसाळलं,
आमच्याकडे आलं ते भिंतीवरून, रात्री साडेअकराला,
थोराल्फच्या काकूच्या रेडिओतून,
निम्मं गाणं, निम्मी खरखर.
आम्हाला वाटलं, खरखरही त्यांचीच.
म्हणून थोराल्फने तीही बसवली,
पातेल्याच्या झाकणाला सायकलची साखळी बांधून.
पुढे मूळ रेकॉर्ड हातात पडली तेव्हा
केवढे हिरमुसलो आम्ही!
किती स्वच्छ वाजवत होते ते लोक.

तळघर चर्चचं.
पाद्री एकार्ट एका कानाने बहिरा,
तोच कान आमच्याकडे करून बसायचा
आणि म्हणायचा, चालू द्या.
आम्हाला तीन कॉर्ड यायच्या.
चौथी फक्त हेन्नोला यायची,
पण आमच्यात ती वाजवायची त्याला लाज वाटे.

गेझिने गायची. गायची कसली,
दाताखाली खडा आल्यासारखी शब्द थुंकायची.
लिहून मात्र काही ठेवायची नाही.
कागद सापडतो, म्हणायची,
गळा झडतीत सापडत नाही.

शहाऐंशीत ती पलीकडे गेली,
अठ्ठ्याऐंशीत त्याच्याही पलीकडे.
कॅसेटी ओलीने खाल्ल्या.
चार वर्षं मी एकच कडवं
उलटसुलट आठवत होते.

आणि हे पान दोनशे तीन.
अकराच्या अकरा गाणी, टाईप केलेली,
ओळ जिथे तुटायची तिथेच तोडलेली:

सोमवारी मला मोजलं
मंगळवारी मला मोजलं
बुधवारी मी एक जास्त निघाले

कुणा कारकुनाने तिचं व्याकरणही दुरुस्त केलंय,
लाल पेन्सिलीने, जरा प्रेमानेच.
खाली खबऱ्याचं टोपणनाव: गवंडी.
आणि समासात, कुणी विचारलेलं नसताना,
"दुसऱ्या कडव्यानंतर इथे आणखी एक कॉर्ड शोभली असती."

मी उठून पाणी प्यायले.
परत येऊन पुन्हा वाचलं.
शोभली असती, हे खरंच.

बाईंकडे अकरा पानांच्या प्रती मागितल्या.
त्यांनी प्रत्येकीवर शिक्का मारला, खरी नक्कल,
अकरा वेळा, एका ठेक्यात,
थोराल्फपेक्षा बऱ्या तालात.

हेन्नोला फोन करायचा नाही असं ठरवलं.
मेमध्ये केला.
शिव्या तोंडपाठ होत्या, पण विचारलं एवढंच,
ती चौथी कॉर्ड कुठली होती रे?
बराच वेळ नुसती खरखर.
मग फोनच्या मागे, लांब कुठेतरी,
खुंटी पिळल्याचा आवाज आला.