बावन्न पौंड

महिन्याला चार तारा तोडते शाल्मली.
छावणीतले इदरीसभाई एका रॅकेटचे साडेचारशे घेतात
आणि हल्ली त्यांचा हात थरथरतो.
तेच म्हणाले, "ताई, मशीन घरी आणून टाका.
शिकवतो मी. माझ्या डोळ्यांचा आता भरवसा नाही."

म्हणून ही वही.
मागच्या पानांवर किराणा, दूधवाल्याचे खाडे,
पुढे तीन किमती, प्रत्येकीखाली रेघ.

लाखाची विजेवर चालते.
बावन्न म्हणा, बावन्न ओढते,
तार ढिलावली तर विचारल्याशिवाय पुन्हा ओढते.
पण मी वीज कंपनीत तक्रारी नोंदवते;
सुदामा नगरात संध्याकाळी सातला व्होल्टेजचं काय होतं
ते मला विचारा.

चाळीस हजारांची हँडलवाली.
फिरवत जायचं, खटकन् अडकते,
आणि तिचं काम संपलं.
मागून तार सैल पडली तर तिला त्याचं काही नाही.
असे एक साहेब होते आम्हाला.

आणि अठरा हजारांत ही:
एक दांडा, दांड्यावर सरकणारं वजन.
दांडा जमिनीला समांतर थांबला की ताण बरोबर,
नाही थांबला की उचला, तार जरा घट्ट धरा, पुन्हा सोडा.
उभ्या सोळा, आडव्या एकोणीस,
पस्तीस वेळा हेच.
"सब्र असेल तर ही घ्या," इदरीसभाई म्हणाले,
"नसेल तर कर्ज काढा."

चार दिवस मी फोटो मोठे करून बघत होते,
फ्रेमला दोन ठिकाणी धरतात की सहा,
चिमटे पाटाला बसवलेले की सुटे,
फ्रेम वाकली तर भरपाई कोण देणार.
मागे बाबा उभे. चष्मा कपाळावर.
"हे तर आमचं लेट-ऑफ," म्हणाले.

आणि बसले खुर्ची ओढून.
बीमच्या कडेला साखळी, साखळीला दांडा,
दांड्याला लोखंडी वजनं.
सूत उलगडत जातं तसा बीम बारीक होतो,
मग वजन एक खाच आत घ्यायचं.
"कधी घ्यायचं ते कोण सांगायचं?"
"कोण सांगणार? कापड सांगायचं."

परदेशीपुऱ्यातलं घर सोडून आम्हाला इतकी वर्षं झाली,
मिलचं म्हणून बाबा फक्त ग्रॅच्युइटीचं बोलले.
कोर्टाची तारीख, वकिलाची फी, युनियनचा तो माणूस.
साखळीचं आज पहिल्यांदा.
हाताने दाखवत होते, हवेत,
आणि बोटं बरोबर जागी थांबत होती.

वहीतल्या दोन किमती मी खोडल्या.
सहा ठिकाणी धरणारी हवी म्हणून तीन हजार वाढले, ते वेगळं.

मंगळवारी आली. शिलाई मशीनचं टेबल रिकामं केलं.
पहिल्या रॅकेटला सव्वातीन तास,
बोटांना चरे, जेवण राहिलं,
आणि सगळं संपल्यावर बाबांनी नख ठेवलं
सातव्या आडव्या तारेवर:
वरून जायची ती तिथे खालून गेलेली.
"डाग," म्हणाले. "मास्तर पगार कापायचा."
सोडवायची म्हणजे तार कापायची. सहाशे रुपये.
मी तशीच पिशवीत घातली.

शाल्मली रात्री आठला आली.
बूट दारात, मोजे कुठेतरी.
बाबांनी विचारलं नाही, मीही नाही.
डाव्या हाताने ती उजवा खांदा चोळत होती.
दुसरी रॅकेट टेबलावर ठेवली, तार मधोमध गेलेली,
थोडा वेळ नुसती बघत राहिली मशीनकडे,
आणि दांड्यावरचं वजन
एक खूण आत सरकवलं.