डावीकडचं दार

पत्ता बरोबर होता.
प्रेस्टनमधल्या त्या चर्चपाशी
मी दोनदा गाडी लावली, दोनदा काढली.
घड्याळं परवाच तासभर मागे घेतलेली,
साडेसहालाच मिट्ट काळोख,
चोराला बरा असा.

फोनवरची बाई म्हणाली होती,
मागच्या बाजूने या, दारावर कागद असेल.
दिवसभर मी लोकांकडून अक्षरं वाचून घेते,
डावा डोळा झाका, सर्वांत खालची ओळ, आता उजवा,
आणि मला एक कागद सापडेना.
गेल्या गुरुवारी काचा बदलताना
एका म्हाताऱ्याने माझं मनगट हलकेच धरलं होतं.
थंडी वाजतेय का, डॉक्टर?
हो म्हटलं. हीटर लावला.
घामाघूम होऊन बसून राहिला, भला माणूस.

दिसलं ते डावीकडचं दार.
उजेड, खुर्च्या, बायकांचं हसणं.
टेबलाशी बसलेली म्हणाली, पहिल्यांदाच ना?
लाजू नकोस गं,
इथे सगळ्या तुझ्यासारख्याच.

अकरा वर्षं.
गुलाबपाण्याच्या बाटलीत व्होडका,
इस्त्रीच्या कपाटात, डोशाच्या तव्यामागे.
मंडळाच्या गणपतीत थर्मास माझा वेगळा,
आणि एकवीसपैकी एकही मोदक न फुटलेला.
लोक म्हणत, सुनीतीचा हात बाई स्थिर.
आमच्यात पुरुष घेतो. कधी जरा जास्त घेतो.
बाई सांभाळून घेते, समजून घेते,
मनाला लावून घेते.
नुसतं "घेते" म्हटलं की वाक्य
उंबऱ्यातच थांबतं.

मला रडू फुटलं.
तिने टिश्यू दिला, कोट उतरवला,
बूट काढायला लावले
आणि काट्यावर उभं केलं.
अकरा स्टोन, साडेतीन पौंड.
कार्डावर लिहिलं. टाळ्या वाजल्या.
वजन उतरवणाऱ्यांचं मंडळ होतं ते.

काट्यावरून उतरायला मला वेळ लागला.
एका मोज्याला भोक, अंगठा बाहेर,
म्हटलं, मी दुसऱ्या कारणासाठी आले होते.
तिने चष्म्यावरून पाहिलं.
बायफोकल, उजवी काडी वाकलेली.
माझी नजर नको तेव्हाही तिथेच जाते.
पेन कानामागे खोचून म्हणाली, चल.
बाकीच्यांना सांगितलं,
हिची गाडी आडवी लागलीय, आलेच.

कचऱ्याच्या तीन डब्यांमागून,
ओल्या पानांवरून, पाच पायऱ्या खाली,
माझं कोपर घट्ट धरून.
डोरीन तिचं नाव.
मंगळवारी चुकतात लोक, म्हणाली,
कागद वाऱ्याने उडतो.
माझा भाऊ इथे उभा राहायचा, सिगारेट संपेपर्यंत.
कधी आत जायचा. कधी नाही.
पुढे ती बोलली नाही, मी विचारलं नाही.
दारावर दोन थापा मारून
उघडायच्या आत वर निघून गेली.

आत नऊ माणसं.
एक इलेक्ट्रिशियन, कामाच्याच कपड्यांत,
गुडघ्यावर चुन्याचे डाग.
चहा फिका, दुधाळ. कप मी दोन्ही हातांनी धरला.
थंडी वाजतेय का, कुणी विचारलं नाही.

माझी पाळी आली.
इंग्रजीत पाठ करून आले होते,
नाव आणि ते पुढचं.
नाव निघालं. पुढचं अडलं.
मग मराठीतच निघालं, दोन शब्द,
कानांनी पहिल्यांदा ऐकले:
मी पिते.
हॅलो, सुनीटी, इलेक्ट्रिशियन म्हणाला,
मी जणू बाहेरचं हवामान सांगितलं होतं,
आणि बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

घरी आल्यावर कोटाचा खिसा उलटा केला.
टिश्यूचा बोळा, पार्किंगची पावती,
आणि ते कार्ड: आठवडा पहिला, अकरा साडेतीन.
पुढचे रकाने मोकळे.
इस्त्रीच्या कपाटातली बाटली
अजून तिथेच आहे, अर्धी.
कार्ड तिला टेकवून उभं केलं,
अक्षरं माझ्याकडे करून,
आणि कपाटाचं दार उघडंच ठेवलं.
बुधवार लागायला अजून
तीन तास होते.