मागमूस

डंडीत, रोज रात्री दोन वाजून सतरा मिनिटांनी,
अठ्ठेचाळीस सेकंद
इस्पितळातला एकही एक्स-रे उघडत नाही.

तक्रार एवढीच. रात्रपाळीची मॉरवेन लीस्क
सहा आठवडे सांगतेय,
"तुमचं ते खालचं कपाट श्वास रोखून बसतं.
आणि मी पेशंटकडे बघून हसत राहते,
त्याचं मोडलेलं मनगट हातात धरून."

मी लॉग उघडला.
लॉग म्हणाला, इकडील सर्व क्षेम.
महिन्याभराच्या चार ओळी,
त्यातल्या दोन माझ्याच लॉगिनच्या.

ह्या यंत्राला बोलायच्या पाच पायऱ्या.
पहिलीवर असेल तर घर जळाल्याशिवाय तोंड उघडत नाही.
दुसरीवर धुराचा वास आला तरी सांगतं.
तिसरीवर: चूल पेटली, चूल निवली.
चौथीवर पाल्हाळ.
पाचवी म्हणजे ट्रेस. तिथे काडी कुणी ओढली,
कितव्यांदा पेटली, पेटीत उरल्या किती,
आणि मोजणाऱ्याची मोजताना पापणी कितीदा लवली.

कुणीतरी त्याला पहिलीवर बसवून ठेवलं होतं.
अळीमिळी गुपचिळी.

सपोर्टचा माणूस फोनवर म्हणाला, सगळंच पाचवर टाका.
त्याच्या घरचं काय जातंय!
सगळंच बोलू लागलं तर यंत्र बोलूनच धापा टाकतं,
डिस्क भरते, आणि मग
नसलेला आजारही नोंदीत सापडतो.
मी एकाच कप्प्याला बोलतं केलं,
दोन दहा ते दोन पंचवीस.
वीस एमबीची फाइल, अशा दहा.
अकरावी आली की पहिलीला पानावरून उठवायचं,
जेवण झालेलं असो नसो.

मग वाट पाहिली.
खिडकीबाहेर टे नदीवर समुद्राचं धुकं चढलेलं,
पुलाचे दिवे एकेक करून पुसलेले.
पलीकडचा फायफचा किनारा
आजच्या नोंदीत नव्हता.

दोन सतरा.
ओळी धावल्या, वारूळ फुटावं तशा.
आणि त्यांत एक, पुन्हा पुन्हा, तीच:
जुना ट्रेस दाबून बांधणे चालू. मालक: ई. पेट्री.

युअन पेट्री निवृत्त होऊन आठ वर्षं झाली.
त्याच्या नावाचा फोल्डर मी पहिल्यांदाच उघडला.
आत नऊ वर्षांची गाठोडी,
रोज दोन सतराला बांधलेली, इमानानं.
त्या मुक्या यंत्राच्या पोटात
एक तोंड अखंड बोलत होतं.
सहा आठवड्यांपूर्वी गाठोडं दारात अडकलं,
तेव्हा कुठे मॉरवेनला ऐकू आलं.

सेटिंगच्या फाइलीत, अगदी वर, त्याची टीप:
तात्पुरतं. उद्या बंद करणे.

सकाळी ब्रॉटी फेरीला फोन लावला.
तो कुत्र्याला फिरवत होता, वारा मला ऐकू येत होता.
"कशाचा माग काढत होतो मी?" त्याचाच मला प्रश्न.
बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
"काहीतरी होतं खरं. फार छळलं होतं त्यानं.
मिसेस खांबेटे, सापडलं का हो ते, तेव्हा?"

मला काय ठाऊक.
त्या गाठोड्यांत असेलही कुठेतरी,
वाचायला बसलं तर नऊ वर्षं लागतील.
मी त्याचा ट्रेस बंद केला, गाठोडी पुसली,
एक तेवढं ठेवलं, पहिल्या दिवसाचं.
का ठेवलं, त्याची नोंद केली नाही.

नवाच्या बसमध्ये बसले. मॉरवेनचा मेसेज: काल रात्री पुन्हा.
आज नाही होणार, असं लिहीत होते,
पर्थ रोडच्या वळणाशी बोट थांबलं.
आणि माझा?
दोन पंचवीसला आपोआप थांबतो ना तो?
तसंच लावलं होतं ना मी?

घंटी दाबली.
उतरले, आणि धुक्यातून
आल्या वाटेनं चढ चढू लागले.