नळीतला गाळ

पुंजाबा मोऱ्यांनी बांबू गाळात रोवून नाव थांबवली,
चापडगावच्या अंगाला, पाणी कंबरेएवढं.
मनोऱ्यावरच्या दुर्बिणी सगळ्या पक्ष्यांकडे.
मी वाकून पारदर्शक नळी खाली दाबली,
बूच लावलं, हळूहळू उपसली:
हातभर काळं, त्यावर वीतभर गोदावरी.
"चिखलासाठी निफाडाहून आलात?
सांगितलं असतं तर गोणी भरून पाठवली असती."

कॉलेजात मोडक्या टेबलावर
दोन नळ्या शेजारी उभ्या केल्या.
एक जशीच्या तशी.
दुसरी आधी दोन दिवस बर्फात गोठवून काढलेली,
म्हणजे आतलं सगळं मेलेलं.
दोन्हींच्या पाण्यात गुलाबी रंग सोडला
आणि वहीवर तारीख घालून बसले.

साडेदहाला
काचेलगत, बोटभर खोल,
एक धागा गुलाबी झाला.
घोड्याच्या नालेसारखा वळला, पुन्हा वर आला.
आत कुणीतरी होतं, लाल,
शिवणीच्या दोऱ्याएवढं,
अंगाची लाट करून पाणी आत ओढत होतं.
थांबायचं.
परत ओढायचं.
चिलटाची अळी. पंख फुटले की चार दिवसांत संपणार,
तोवर हेच काम.
तिच्या बिळाभोवती काळ्या गाळाला
गंजाचं बारीक कडं होतं,
हवा तिथवर पोचते आहे याची खूण.

आपण म्हणतो नदी नाशकातून पैठणकडे जाते.
बंधाऱ्याशी ती अडते, तेही खरं.
पण इथं ती खाली जात होती, वर येत होती,
दोऱ्याएवढ्या जिवाच्या जोरावर.

शेजारच्या नळीत रंग
सरबतासारखा गाळावर बसून राहिला.
चौथ्या दिवशी बूच काढलं
आणि शिपाईसुद्धा खोलीबाहेर गेला.

पुंजाबा बाजाराला आले तेव्हा वर येऊन गेले.
मेलेल्या नळीचा वास घेतला, लगेच ठेवली.
जिवंत नळीसमोर मात्र
चहा निवेपर्यंत उभे.
"उन्हाळ्यात गाळात पाय घातला
की कुठंकुठं गार लागतं," म्हणाले.
"बाप म्हणायचा, खाली झरा असंल."
पुढं काही बोलले नाहीत.

रविवारी गाळ होता तिथंच सोडून आलो.
माझी बोटं अजून गुलाबी.
परतताना त्यांचा हात सवयीनं बांबूकडे गेला,
तो रोवून नाव ढकलायला.
मग त्यांनी बांबू आडवा ठेवला
आणि उथळ पाण्यातून
वल्ह्यानंच, वेळ लावत,
नाव वळवून घेतली.