एकशे बारा वेढे

उद्यमनगरात दुपारी लेथ जेवायला थांबतात
तेवढ्यात अशपाक शिकलगार ढकलत आला
एक भलीथोरली मोटारसायकल,
पेट्यांवर न वाचता येणारे स्टिकर,
आणि मागून हेल्मेट काखेत धरून एक बाई,
तोंड लाल. उन्हानं की रडून, कळेना.

"रत्नावैनी, किल्ली हिचीच, गाडी हिचीच,
पण गाडी म्हणती, मी वळखत न्हाई."

खरंच की.
किल्ली फिरवली की काट्याखाली
एक पिवळी किल्ली लुकलुकते, स्टार्टर गप्प.
पेट्रोल आहे, बॅटरी ठणठणीत.
चोरासाठी केलेली सोय,
चोर गावला नाही म्हणून मालकिणीला धरून बसलेली.

मातेया तिचं नाव. गाव ल्युब्ल्याना.
अशपाकनं ते चारदा म्हणून बघितलं, मग सोडून दिलं.
दुसरी किल्ली तिच्या घरी, चहाच्या डब्यात.
पुण्याचा शोरूमवाला फोनवर सांगतो:
कुलूप, किल्ल्या, मेंदू, अख्खा संच बदला,
बाहेरून येईल, पाच आठवडे धरा.
तिच्या कस्टमच्या कागदावर
गाडीला देश सोडायला उरलेले दिवस नऊ.

अशपाकनं येत होतं ते सगळं केलं.
जुडग्यातल्या बाकीच्या किल्ल्या काढल्या,
टाकीवरची चुंबकाची पिशवी लांब,
फोन लांब, बॅटरीची तार सोडून दहा मिनिटं वाट,
आणि मी बघितलं, शेवटी हळूच
किल्ली कपाळाला लावली.

मग कुलपाभोवतीची काळी कडी उचकटून
माझ्या टेबलावर ठेवली, तान्ह्या बाळाच्या बांगडीएवढी.
मीटर लावला. आत कुठंतरी तार तुटलेली,
हँडल वळवून वळवून.
"अरे, ही तर कॉइल."
"मग? तुमच्याकडं कशाला आणली?"

अठ्ठावीस वर्षं मोटारी भरते मी,
विहिरीच्या, गुऱ्हाळाच्या, पिठाच्या गिरणीच्या.
एवढी बारीक तार कधी हातात धरली नव्हती.
जुनी सोडवताना मोजली.
मातेयाही मोजत होती, ओठातल्या ओठात, तिच्या भाषेत.
शेवटी आमच्यात दोनाचा फरक पडला.
मी तिचा आकडा धरला.

तारेनं आणि वार्निशनं
माझा अंगठा गुळगुळीत झालाय.
रेशन दुकानात मशीन तो घेत नाही.
हात धुवा, पुसा, दुसरं बोट लावा,
मागं रांग सुस्कारे टाकते,
आणि संभा बाबर, माझ्या वर्गातला,
समोर बसून म्हणतो,
"रत्ना, मी वळखतोय गं तुला, ह्ये कुठं वळखतंय."
हे तिला सांगायला मला इंग्रजी आलं नसतं.
नुसता अंगठा दाखवला.
तिनं तो खिडकीच्या उजेडात धरून बघितला,
शेजारी आपला ठेवला.
काय समजली कुणास ठाऊक.

संध्याकाळी कडी बसवली. लुकलुक.
पुन्हा. लुकलुक.
अशपाक शिवी गिळून चहा आणायला गेला.
तो नसताना मातेयानं किल्ली
जराशी डावीकडं कलवून धरली,
झोपलेल्या माणसाच्या कानाशी वाकावं तशी,
आणि पिवळा दिवा विझला.
इंजिन असं गरजलं की समोरच्या फाउंड्रीतली पोरं बाहेर आली.

"कलवूनच धर," मी हातानं सांगितलं, "बंदरापर्यंत."
मजुरी विचारली तर तारेचे चाळीस रुपये म्हणाले.
अशपाकनं कपाळावर हात मारला.

ती गेल्याला दहावा दिवस आज.
सोमवार, रेशनचा.
काचेवर अंगठा ठेवला
आणि कुणाला दिसणार नाही इतका
डावीकडं कलवला.
मशीन लुकलुकलं.
मागची बाई म्हणाली,
"आवं, हसताय काय?"