पथ विभाग, रजेवर

वेल्ह्याच्या पुढे, डांबर संपतं तिथे
उन्मेषने गाडी आंब्याखाली लावली आणि म्हणाला,
आज वाट धरायची नाही.

मी महापालिकेच्या पथ विभागात एकोणीस वर्षं आहे.
माझ्या टेबलावरून रस्ते जातात,
रुंदी, खडी, ठेकेदाराची सही.
वाट धरायची नाही तर मग धरायचं काय,
मी विचारलं.
कारवी, कल्याणी म्हणाली.
मला वाटलं, गंमत करतेय.

पाड्याच्या वरपर्यंत ढोरवाट होती, शेणाची, ओळखीची.
एका उंबरापाशी ती डावीकडे वळली
आणि आम्ही नाही वळलो.
इतकंच केलं आम्ही.

पहिल्या दहा पावलांत माझी बाही गेली.
शिकेकाईने धरलं की पुढे ओढायचं नसतं,
एक पाऊल मागे यायचं असतं,
हे निसारने सांगितलं, बाही फाटल्यावर,
एकेक काटा सोडवत.
रविवार पेठेत तो घड्याळं उघडतो,
त्याला घाई कशाचीच नसते.

मग कारवी.
गेल्या वर्षी फुलून गेलेली, उभ्याउभ्या वाळलेली,
डोक्याच्या वर हातभर.
आत शिरलं की आभाळाच्या चिंध्या होतात.
पुढचा माणूस दिसत नाही, नुसता मोडताना ऐकू येतो.
म्हणून उन्मेषने नावं घ्यायला लावली.
कल्याणी?
आहे.
निसार?
आहे.
मीही दर वेळी आहे म्हणत होते,
आधी हसत, नंतर धापा टाकत,
नंतर खरोखरच सांगायचं म्हणून.

आणि एकदा मी हाक मारली
तर कुणीच आहे म्हणालं नाही.

मोबाइलवर मी एक निळा ठिपका होते
कोऱ्या हिरव्या रंगात.
ना रेघ, ना नाव, ना हद्द.
गुडघे आपोआप बसले.
समोरच्या काडीवरून एक मुंगळा चढला,
टोकाला पोचला, काहीच नव्हतं तिथे,
तसाच खाली आला.
मी त्याच्याकडे किती वेळ बघत होते, माहीत नाही.

हलू नका, निसारचा आवाज आला,
दोन हातांवरून.
चष्मा पडलाय.

मग आम्ही चौघं रांगत होतो पाचोळ्यात,
चाळिशी ओलांडलेली माणसं,
पालथ्या हातांनी माती चाचपत.
उन्मेषला एक रिकामी शंखाची गोगलगाय सापडली.
मला माझंच बटण.
चष्मा वर होता, कारवीच्या फाट्यावर अडकलेला,
आमच्या डोळ्यांच्याच उंचीला.
उभं राहून कुणी शोधलंच नव्हतं.

धारेवर पोचलो तेव्हा दीड वाजला होता.
पलीकडे पानशेतचं पाणी, त्यावर एकच ढग.
खारीचा पार चुरा झालेला;
कागद फाडून चौघांनी चाटला.
कुणी फोटो काढला नाही. काढायला हवा होता.

उतरताना पाड्यावर मरगळेबाई शेणी लावत होत्या.
कुठनं आलात?
आम्ही वर बोट दाखवलं.
तिकडनं नाही येत कुणी, त्या म्हणाल्या,
आणि मग त्यांना दिसली
कारवीतली ती फट, वरपासून उंबरापर्यंत,
माणूसभर रुंद.
आता खोंडं शिरतील माझी त्यातनं.
सांजच्याला हुडकायची कुणी?

एकोणीस वर्षांत मी स्वतः केलेला हा पहिला रस्ता,
आणि तक्रार आलीसुद्धा.
बोराटीच्या तीन फांद्या ओढून आणल्या,
उंबरापाशी तोंड बुजवलं.
बाईंनी एक फांदी परत नीट लावली, आमच्याकडे न बघता.
इतक्या लवकर बंद झालेली फाइल
मी आजवर पाहिलेली नाही.

नवले पुलाखाली अंधार, लाल दिव्यांची रांग.
कुणीच बोलत नव्हतं.
माझ्या खिशात कारवीचं एक बोंड
तट्‌कन उकललं.
मागच्या सीटवर झोपलेला निसार
डोळे न उघडताच म्हणाला,
आहे.