मानशीत माणूस

डिसेंबरच्या त्या आठवड्यात
पणजीच्या छापखान्यात पोर्तुगीज ‘वे’ संपला.
वितॉरिया, म्हणजे विजय, त्याचं पहिलं अक्षर.
खणात हात घातला की बोटांना लाकूड लागायचं.
फोरमन सेबास्त्यांव म्हणाला,
‘आ’ घे, उलटा बसव, मधली काडी चाकूनं खरवड.
चौदा वर्षं खिळे जुळवत होतो,
पण असा खरवडून काढलेला विजय
तेव्हाच पहिल्यांदा पाहिला.

शेवटचा माणूस, शेवटची गोळी, शेवटचा श्वास:
ही ओळ मी सात वेळा जुळवली,
सातव्या वेळी न वाचता.
शाई ओली असतानाच कागद इगर्जीच्या पायऱ्यांवर पोचायचे
आणि दिवेलागणीला चणेकारीण त्यांतच चणे बांधायची.
विमानातून पडलेली पत्रकंही होती तिच्याकडे,
पलीकडच्यांची. त्यांचा कागद जरा बरा,
पुडी घट्ट बसायची.

एकोणीस तारखेला छापखान्याला कुलूप.
खाजनाच्या बांधावरून मेरशीला निघालो
तर कायतान हात करत होता.
म्हणाला, मानशीचं दार लागत नाही,
भरती आली की शेतात खारं शिरेल,
काहीतरी अडकलंय.
म्हटलं, ओंडका असेल.
तो म्हणाला, मानशीत माणूस आहे.
इतकं सपाट म्हणाला,
जणू आजचा बांगड्यांचा भाव.

पाखलो. वीस-एकवीसचा.
एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता लोकरी मोजा,
टाचेला रफू, रफूची लोकर वेगळ्या रंगाची.
गोळीची खूण शोधली आम्ही,
नव्हती.
अंधारात बांध संपलेला कळला नसेल.
पोहायला कुणी शिकवलं नसेल.
गालावर चिखल, चिखलावर
खेकड्याच्या पायांची बारीक टाचणी.

खिशात पत्र. आईचं असावं.
शुद्धलेखन इतकं चुकलेलं
की माझा हात खिळा बदलायला शिवशिवला.
डुक्कर मारलं, मांस धुरावर टांगलंय, तुझा वाटा काढून ठेवलाय.
पाद्री म्हणाले, तिकडे सगळे धीरानं उभे आहेत.
थंडीचे मोजे घालतोस ना?

मेरशीत डिसेंबरच्या दुपारी घाम फुटतो.
तरी त्यानं घातले होते.

बांधाच्या वरच्या अंगाला, खारं पोचत नाही तिथे
कायताननं खणलं.
नाव पत्रावरून कळलं, सिल्वेरियो.
आडनाव पाण्यात विरघळलं होतं.

रात्री पोदेराच्या घरी रेडिओभोवती सगळे.
लिस्बन सांगत होतं,
शरण कुणीच नाही गेला, सगळे झेंड्याखाली पडले.
सुई जराशी सरकवली,
तिकडे फुलं, हार, जयजयकार,
रक्ताचा थेंबही नाही म्हणे.
पोदेर ओरडला, अरे एक काहीतरी धर!
मी सुई मागेपुढे करत राहिलो.
दोन स्टेशनांच्या मध्ये खरखर असते ना,
तिथे तो होता,
एका पायात बूट घालून.

जानेवारीत कुलूप निघालं.
सेबास्त्यांव आला नाही.
पुण्याहून नवे खिळे आले, देवनागरी, चकचकीत,
‘विजय’ हवा तेवढा जुळवा.
जुनं शिसं वितळवायचं ठरलं.

त्याआधी एका दुपारी, सगळे जेवायला गेले असताना,
मी स्टिक हातात घेतली
आणि एक नाव जुळवायला लागलो. मोठी अक्षरं.
मधोमध ‘वे’ लागतो त्याला.
खण उपसला, झटकला, पालथा घातला,
फटीतून एक पडला:
धुळीनं माखलेला, पण जन्मतःच ‘वे’.

शाई लावली नाही. दोऱ्यानं बांधलं
आणि काड्यापेटीत ठेवलं.

शिशात अक्षरं उलटी असतात,
वाचायला आरसा लागतो, नाहीतर सवय.
मला सवय आहे.